मध्ययुगीन री-एनॅक्टमेंट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

युरोपच्या मध्ययुगातलं जगणं आणि लढणं आज पुन्हा उभं करण्याच्या छंदाबद्दल नवी माणसं जे जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. शस्त्रं आणि चिलखतांचे प्रश्न सगळ्यात जास्त येतात, म्हणून त्यांना जागाही जास्त दिली आहे. पण कपडे आणि पुरावे यांवरचे प्रश्न गाळू नका. या छंदातला खरा आनंद, माझ्या मते, तिथूनच सुरू होतो.

या छंदात करतात तरी काय?

साधारण पाचव्या ते पंधराव्या शतकातल्या युरोपातला एखादा काळ निवडायचा, त्या काळातल्या माणसाचे कपडे, हत्यारं, भांडीकुंडी बनवायची किंवा बनवून घ्यायची आणि ती खरोखर वापरून बघायची. कुणी लढाई उभी करतं, कुणी छावणी, कुणी दोन्ही. एखाद्या किल्ल्याच्या आवारात तंबू ठोकायचे, लाकडं पेटवून रांधायचं, बघायला आलेल्यांच्या हातात चिलखत देऊन त्यांना त्याचं वजन कळू द्यायचं, दुपारी मैदानात उतरायचं. कार्यक्रमाचा दिवस साधारण असा जातो.

लार्प, कॉस्प्ले आणि हे एकच का?

नाही. लार्पमध्ये कथा आणि पात्र महत्त्वाचं, हत्यारं फोमची आणि जग बहुतेक वेळा कल्पित. कॉस्प्लेमध्ये ओळखीचं पात्र हुबेहूब दिसायला हवं. री-एनॅक्टमेंटमध्ये अंगावरच्या प्रत्येक वस्तूबद्दल विचारलं जातं: ही त्या काळी, त्या ठिकाणी होती, हे कशावरून?

आणखी एक शेजारी म्हणजे हेमा, जुन्या युरोपीय युद्धकला. त्यात चौदाव्या-पंधराव्या शतकातल्या हस्तलिखितांवरून तलवारीचे डाव पुन्हा शिकतात. तिथे कपड्यांपेक्षा तंत्राला मान. अनेक जण हेमा शिकून मग री-एनॅक्टमेंटकडे येतात आणि त्यांच्या हालचालीत ते लगेच दिसतं.

हे सगळं सुरू कधी झालं?

मध्ययुगाची हौस जुनी आहे. 1839 मध्ये स्कॉटलंडमधल्या एग्लिंटनला एका उमरावाने नाइटांची, म्हणजे चिलखतधारी घोडेस्वार योद्ध्यांची, स्पर्धा भरवली. प्रचंड गर्दी जमली आणि पावसाने सगळ्याचा चिखल केला. जर्मनीतल्या लांड्सहूट शहरात 1475 मध्ये बव्हेरियाचा गेओर्ग आणि पोलंडची राजकन्या हेडविग यांचं लग्न झालं होतं. ते लग्न गावकरी 1903 पासून पुन्हा लावत आले आहेत. आता ते दर चार वर्षांनी होतं, दोन हजारांहून जास्त लोक त्यात भाग घेतात आणि टोप चालत नाही म्हणून आधीपासून केस वाढवतात.

आजच्या अर्थाने छंद म्हणून बघायचं तर 1966 हे साल महत्त्वाचं. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीमध्ये मे महिन्यात एका घराच्या अंगणात झालेल्या मेजवानी आणि स्पर्धेतून सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अनॅक्रोनिझम ही संस्था उभी राहिली. लोक तिला एससीए म्हणतात. 1984 पासून स्वीडनच्या गोटलंड बेटावर, विस्बी शहरात, मध्ययुगीन सप्ताह भरतो. पोलंडमध्ये ग्रुनवाल्डच्या मैदानावर 15 जुलै 1410 ची लढाई 1998 पासून जुलै महिन्यात पुन्हा लढली जाते. इंग्लंडमध्ये हेस्टिंग्जची लढाई बॅटल ॲबीच्या आवारात, म्हणजे जिथे ती झाली असं मानतात तिथेच, ऑक्टोबरमध्ये उभी करतात.

मध्ययुग तर हजार वर्षांचं. त्यातलं निवडायचं काय?

या पानावरचं एकच उत्तर लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा: एक साल, एक ठिकाण आणि एक माणूस ठरवा. बाकी सगळं त्यातून निघतं.

नुसता ‘मध्ययुगीन योद्धा’ असा कुणी नव्हता. 1066 मध्ये हेस्टिंग्जला लढलेला सॅक्सन, 1250 मधला फ्रेंच नाइट आणि 1471 मध्ये ट्यूक्सबरीला उभा असलेला धनुर्धर समोरासमोर आले असते तर एकमेकांकडे बघतच राहिले असते. पहिल्याच्या डोक्यावर नाकावर पट्टी आलेलं निमुळतं शिरस्त्राण. दुसऱ्याच्या डोक्यावर सपाट माथ्याचं, अख्खा चेहरा झाकणारं. तिसऱ्याच्या डोक्यावर मागे मानेकडे लांबत गेलेलं सॅलेट. बाह्यांची बेतणी वेगळी, बूट वेगळे, कमरेचा पट्टा बांधायची जागासुद्धा वेगळी.

माणूस ठरवताना त्याची ऐपतही ठरवा. यासाठी कायद्याचे जुने कागद फार कामी येतात. 1181 मध्ये इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री याने कुणाकडे कोणती हत्यारं असलीच पाहिजेत याचं फर्मान काढलं. नाइटची जहागीर असेल तर कड्यांचं चिलखत, शिरस्त्राण, ढाल आणि भाला. दहा मार्कांची (मार्क हे तेव्हाचं पैशाचं माप) मालमत्ता असलेल्या स्वतंत्र माणसाकडे आखूड चिलखत, लोखंडी टोपी आणि भाला. बाकीच्या स्वतंत्र माणसांकडे आणि शहरी रहिवाशांकडे जाड शिवलेला अंगरखा, लोखंडी टोपी आणि भाला. भाला सगळ्यांकडे आहे आणि यादीत तलवार कुठेच नाही. बाराव्या शतकातला इंग्लिश शहरी माणूस उभा करायचा असेल तर तुमची खरेदीची यादी राजानेच करून ठेवली आहे.

कपड्यांचंही तसंच. 1363 मध्ये इंग्लंडच्या संसदेने कुणी काय नेसावं याचा कायदा केला. गाडीवान आणि नांगरटी करणाऱ्यांनी जाडाभरडा लोकरी कपडाच वापरायचा, असं त्यात होतं. कायदा फार काळ टिकला नाही, पण तो करावासा वाटला याचाच अर्थ लोक ऐपतीपेक्षा वरचढ कपडे घालत होते.

पुरावा कुठून मिळवायचा?

जमिनीतून, चित्रांतून आणि कागदांतून. तिघांची साक्ष जुळली की पाऊल टाकायला हरकत नाही.

जमिनीतली सगळ्यात बोलकी साक्ष विस्बीची. 27 जुलै 1361 रोजी डेन्मार्कचा राजा चौथा वाल्देमार गोटलंडवर चालून आला आणि शहराच्या तटाबाहेर शेतकऱ्यांचं सैन्य कापलं गेलं. ऐन उन्हाळ्यात एवढे मृतदेह, त्यामुळे बहुधा घाईने अनेकांना अंगावरच्या चिलखतासकट सामूहिक खड्ड्यांत पुरलं. विसाव्या शतकात ते खड्डे खणले गेले आणि हजाराहून जास्त माणसांचे सांगाडे मिळाले. कापडाच्या किंवा चामड्याच्या आतून लोखंडी पट्ट्या रिव्हेटने जोडलेली चिलखतं, कड्यांच्या टोप्या, दस्ताने असं सगळं एकाच दिवसाचं, एकाच जागेचं. चौदाव्या शतकाचं री-एनॅक्टमेंट करणाऱ्या माणसांच्या अंगावर आज जी चिलखतं दिसतात, त्यांतली कितीतरी याच खड्ड्यांतल्या नमुन्यांवरून केलेली असतात. त्या सांगाड्यांच्या नडग्यांवर घावांच्या खुणा खूप आहेत. ढालीखाली उघडे राहिलेले पाय शत्रूने बरोबर हेरले होते.

इंग्लंडमधल्या टाउटनला 29 मार्च 1461 च्या लढाईतल्या मृतांचा एक खड्डा 1996 मध्ये बांधकाम करताना सापडला. तिथे बहुतेक जखमा कवटीवर. म्हणजे शेवटच्या क्षणी या माणसांच्या डोक्यावर शिरस्त्राण नसावं.

कपड्यांसाठी ग्रीनलंडमधल्या हेरयोल्फ्सनेसच्या थडग्यांतले लोकरी अंगरखे आणि स्वीडनमधल्या बोक्स्टेनच्या दलदलीत 1936 मध्ये सापडलेल्या माणसाच्या अंगावरचा जवळजवळ पूर्ण पोशाख, हे दोन मोठे आधार. शिलाईची जागा, कळ्या कुठे घातल्या, बाही कशी बसवली, हे त्यांवरून थेट मोजून घेता येतं.

हस्तलिखितांतली चित्रं बघताना एक गोष्ट आपल्या फायद्याची आहे. चित्रकार बायबलमधली माणसंही स्वतःच्या काळातल्या कपड्यांत रंगवत. म्हणून तेराव्या शतकातल्या चित्रातला गोलिएथ आपल्याला तेराव्या शतकातलं चिलखत दाखवतो. चर्चमधल्या कबरींवरचे पितळी पत्रे आणि दगडी मूर्ती यांवर साल कोरलेलं असतं, पण ते मृत्यूचं साल असतं. पत्रा आधी किंवा नंतरही बसवलेला असू शकतो, तेवढं अंतर सोडून बघा.

आधी तलवार घेऊ का?

आधी कपडे आणि बूट. तलवार सगळ्यात शेवटी घेतली तरी काही बिघडत नाही, कारण गटात सरावाची हत्यारं बहुतेक वेळा वापरायला मिळतात. उसने कपडे मिळाले तरी ते सहसा अंगावर नीट बसत नाहीत. शिवाय चांगल्या कपड्यांतला निःशस्त्र माणूस छावणीत लगेच सामावून जातो. जीन्सवर महागडं चिलखत चढवलेला माणूस कुठेच सामावत नाही.

कपडे कसले हवेत?

आतून लिनन, वरून लोकर. एवढं पाळलं तरी निम्मं काम झालं. लिनन घाम शोषतं आणि धुता येतं. लोकर ऊब देते, पाऊस बराच वेळ थोपवते आणि ठिणगी पडली तर सहजासहजी पेट घेत नाही. पॉलिएस्टर उघड्या आगीजवळ वितळून कातडीला चिकटतं, म्हणून त्याला विरोध केवळ अस्सलपणासाठी नसतो. सुती कापड भूमध्य समुद्राच्या भागात होतं, पण उत्तर युरोपातल्या साध्या माणसाचं ते रोजचं कापड नव्हतं.

रंगांना घाबरू नका. मंजिष्ठासारख्या मॅडर या मुळापासून लाल, वोडच्या पानांपासून निळा, वेल्डपासून पिवळा, आणि निळ्यावर पिवळा चढवून हिरवा. मध्ययुग करडं-तपकिरी होतं हा पडद्यावरून आलेला समज आहे. गडद, पक्का काळा मात्र खर्चीक होता, तेव्हा गरीब माणसाच्या अंगावर तो नको.

बूट उलटे शिवून मग सुलटे केलेले असतात, शिवण आत जाते आणि तळवा पातळ राहतो. त्यांना टाच नसते. आजच्या टाचेच्या बुटांची सवय झालेल्या माणसाची चाल त्यांत बदलते, पाऊल सपाट आणि जपून पडतं. लढतानाही याचा फरक पडतो, म्हणून सराव त्याच बुटांत करा.

चिलखताच्या आतला जाड अंगरखा लागतोच का?

लागतोच. गॅम्बेसन म्हणतात त्याला. लिननचे अनेक थर, किंवा मध्ये कापूस-लोकर भरून, गोधडीसारखे टाके घातलेला हा अंगरखा. कड्यांचं चिलखत धारेला अडवतं, पण घावाचा दणका तसाच हाडापर्यंत जातो. तो दणका गॅम्बेसन खातो. ज्यांना चिलखत परवडत नसे ते नुसत्या गॅम्बेसनवर लढत. पंधराव्या शतकात फ्रान्सचा अकरावा लुई याच्या हुकुमात सैनिकांच्या अशा अंगरख्याला कापडाचे 30, निदान 25 थर आणि वर हरणाचं कातडं असावं असं आहे. एकदा तो घालून उन्हात पळून बघा, त्या सैनिकांबद्दलचा आदर वाढेल.

कड्यांचं चिलखत कुठलं घ्यावं?

रिव्हेट मारलेल्या कड्यांचं. प्रत्येक कडी चार कड्यांत अडकवलेली, टोकं चपटी करून त्यांतून बारीक खिळा ठोकलेला. मध्ययुगीन चिलखतांत बऱ्याचदा एक ओळ रिव्हेटची आणि एक ओळ अखंड कड्यांची असे. नुसती टोकं भिडवलेल्या कड्यांचं चिलखत स्वस्त मिळतं, पण जोरात ओढ बसली की कड्या उघडतात आणि दिवसअखेर मैदानात गळून पडलेल्या सापडतात. अशा चिलखतात पैसे घालू नयेत, असं माझं ठाम मत आहे. आज री-एनॅक्टर वापरतात त्यांतली बरीच रिव्हेटची चिलखतं भारतात बनतात.

गुडघ्यापर्यंतचं, पूर्ण बाह्यांचं चिलखत 10 ते 15 किलो भरतं. सगळा भार खांद्यांवर येतो. कमरेला घट्ट पट्टा बांधून वरचं चिलखत थोडं वर ओढून घ्या, म्हणजे निम्मा भार कंबर उचलते. नव्या माणसाला ही युक्ती पहिल्याच दिवशी कुणीतरी सांगायला हवी.

पत्र्याच्या पूर्ण चिलखतात हलता येतं का? घोड्यावर बसवायला यारी लागायची म्हणे?

यारीची गोष्ट खोटी आहे. पंधराव्या शतकातलं युद्धातलं पूर्ण चिलखत साधारण 20 ते 25 किलोचं, आणि ते अंगाच्या मापाने घडवून सगळ्या शरीरावर वाटलेलं. भाल्याच्या स्पर्धेसाठीची खास चिलखतं यापेक्षा बरीच जड असत, कारण त्यांत पळायचं नसे. फ्रान्सचा मार्शल बूसिको चिलखत घालून कोलांटी मारी आणि शिडीच्या मागच्या बाजूने हातांवर चढे, असं त्याच्या काळातल्या त्याच्या चरित्रात लिहिलं आहे. हाच बूसिको 1415 मध्ये ॲझिनकोर्टच्या लढाईत इंग्रजांकडून कैद झाला.

म्हणजे सगळं सोपं होतं असंही नाही. 2011 मध्ये लीड्समध्ये चिलखत घातलेल्या माणसांना ट्रेडमिलवर चालवून-पळवून मोजलं, तेव्हा दुपटीच्या आसपास ऊर्जा खर्च होते असं दिसलं. पायांवरचं पोलाद प्रत्येक पावलाला उचलावं लागतं. छातीवरचा पत्रा श्वास पूर्ण भरू देत नाही. पाठीवर तेवढ्याच वजनाची पिशवी घेऊन चालणं त्यापेक्षा सोपं.

चिलखताचं माप हा खरा मुद्दा. तयार मापाचा गुडघा दोन बोटं खाली बसला तर पाय वाकत नाही. विकत घेण्याआधी आतल्या सगळ्या कपड्यांसकट घालून, वाकून, बसून आणि हात डोक्यावर नेऊन बघा.

शिरस्त्राण निवडताना काय बघायचं?

काळाला शोभतं का, हे पहिलं. पत्र्याची जाडी, हे दुसरं: एससीएच्या लढतींत किमान 16 गेज, म्हणजे सुमारे 1.6 मिलिमीटर पोलाद लागतं. तिसरं, आणि नवे लोक विसरतात ते, आतलं अस्तर. कवटी आणि पत्रा यांत भरपूर जाड अस्तर हवं आणि हनुवटीचा पट्टा पक्का हवा. मान हलवल्यावर शिरस्त्राण स्वतंत्रपणे फिरत असेल तर ते तुमचं नाही.

तलवारी खरंच दहा-दहा किलोच्या असत का?

नाही. एका हाताची तलवार साधारण 1.1 ते 1.4 किलोची, दोन हातांनी धरायची लाँगस्वर्ड दीड किलोच्या आसपास. पातं टोकाकडे पातळ होत जातं आणि मुठीच्या शेवटचा गोळा तोल हाताजवळ आणतो, म्हणून ती हातात हलकी वाटते. संग्रहालयातल्या तलवारींचे प्रकार ओकशॉट वर्गीकरणाच्या रोमन आकड्यांनी ओळखतात. तुमच्या सालाला कोणता आकडा बसतो, ते विक्रेत्याला विचारण्याआधी स्वतः बघून ठेवा.

लढतीची तलवार बोथट असते. धार किमान दोन-तीन मिलिमीटर जाड आणि गोलसर, टोक गोल, पातं स्प्रिंग स्टीलचं आणि नीट पाणी दिलेलं. भिंतीवर लावायच्या स्टेनलेस तलवारी कधीही, गंमत म्हणूनसुद्धा, एकमेकींवर आपटू नका. त्या मुठीजवळ तुटतात आणि उडालेलं पातं कुणाकडे जाईल सांगता येत नाही. प्रत्येक लढतीआधी पात्यावरून बोट फिरवून खाचा बघायच्या आणि कानशीने घासून गुळगुळीत करायच्या.

भाला आणि धनुष्य?

भाला हे मध्ययुगातल्या रांगेतलं मुख्य हत्यार. स्वस्त, लांब आणि गटाने वापरायचं. नव्या माणसाने भाल्यापासूनच सुरुवात करावी असं मला वाटतं, कारण त्यात शेजाऱ्याकडे लक्ष ठेवून लढायला शिकता येतं. चेहऱ्याकडे भोसकणं बहुतेक सगळीकडे बंद असतं.

धनुष्याची गोष्ट निराळी. 1545 मध्ये बुडालेल्या मेरी रोझ या इंग्लिश जहाजावरची धनुष्यं ताणायला 100 ते 185 पौंड ताकद लागत असावी, असा अंदाज आहे. माणसांवर बाण सोडायचे असतात त्या लढाईत री-एनॅक्टर 30 पौंडांच्या आसपासचं हलकं धनुष्य आणि रबरी बोथट बोंडाचे बाण वापरतात. जड धनुष्य फक्त निशाण्यावर.

लढती आधी ठरवलेल्या असतात का?

तीन तऱ्हा आहेत. पहिली, इतिहासातली लढाई लोकांसमोर उभी करणं. तिचा निकाल ठरलेला असतो, हेस्टिंग्जला इंग्लंडचा राजा हॅरल्ड पडणारच, पण प्रत्येक जोडीतली झुंज बरीचशी मोकळी असते. घाव हातातच रोखून मारतात, धड, दंड आणि मांडी एवढ्याच जागा चालतात, आणि अनेक गटांत डोक्यावर मारायचंच नसतं.

दुसरी एससीएची. हत्यारं वेताची, किमान सव्वा इंच जाड, पण घाव पूर्ण जोराने. गुडघ्याखाली मारायचं नाही. मांडीवर घाव बसला तर पाय गेला, गुडघ्यांवर बसून लढायचं. हातावर बसला तर तो हात वापरायचा नाही. पेन्सिल्व्हेनियात 1972 पासून भरणाऱ्या पेन्सिक वॉरला हजारो लोक तंबू ठोकून राहतात आणि शेकडो जण एकाच मैदानात लढतात.

तिसरी बुहुर्ट. पोलादी बोथट हत्यारं, पूर्ण चिलखत, पूर्ण जोर आणि कुस्तीसुद्धा. पायांखेरीज शरीराचा तिसरा भाग जमिनीला टेकला की माणूस बाद. भोसकणं, मानेवर किंवा गुडघ्याच्या मागे मारणं बंद. 2010 मध्ये युक्रेनमधल्या खोतिन किल्ल्यावर देशादेशांच्या संघांची पहिली स्पर्धा झाली. हा खेळ आहे आणि खेळाडूसारखी तयारी मागतो. त्याकडे छंदाची पहिली पायरी म्हणून बघू नका.

घाव लागला की नाही, हे कोण ठरवतं?

बुहुर्ट सोडलं तर, ज्याला लागला तो. पंच असतात ते सुरक्षिततेसाठी. एससीएमध्ये तर राजा कोण होणार हे ज्या लढतीवर ठरतं, तिथेही हाच नियम. हरणाऱ्याने स्वतःच ‘बरोबर बसला’ म्हणून खाली बसायचं. मला या छंदातली सगळ्यात सुंदर रीत हीच वाटते. जो घाव मानत नाही त्याच्याशी हळूहळू कुणी लढायला उभं राहत नाही, त्याला वेगळी शिक्षा लागत नाही.

इजा होते का?

होते. बोटं सगळ्यात आधी सापडतात, म्हणून दस्तान्यांवर हात आखडू नका. त्यानंतर मुरगळलेले पाय आणि खरचटणं. पण सगळ्यात जास्त काळजी उष्णतेची करा. लोकर, गॅम्बेसन आणि पोलाद यांच्या आत अंग तापत जातं आणि माणसाला स्वतःला ते उशिरा कळतं. शेजारी बरळायला लागला किंवा घाम येणं थांबलं तर लगेच बाजूला न्या, चिलखताचे पट्टे सोडा, गरज पडली तर कापा, आणि अंग गार करा. मैदानात ‘होल्ड!’ अशी हाक ऐकली की जिथे असाल तिथे थांबा. कारण नंतर विचारा.

चालीरीती कोणत्या पाळायच्या?

लढतीआधी प्रतिस्पर्ध्याला, राजा-राणी किंवा यजमानांना आणि जिच्या किंवा ज्याच्या नावाने लढताय त्या व्यक्तीला सलामी द्यायची. कुणाची तलवार विचारल्याशिवाय उचलायची नाही आणि पात्याला उघडा हात लावायचा नाही. घामाने तिथे गंज धरतो.

एससीएची स्वतःची अशी मोठी रीत आहे. जगभरात वीस ‘राज्यं’ आहेत, राजा लढून होतो आणि ठरावीक महिन्यांनी गादी सोडतो. पांढरा पट्टा आणि सोन्याची साखळी नाइटची, ती तुम्हाला बहाल झाल्याशिवाय घालायची नाही. कलाकुसरीसाठी लॉरेल आणि सेवेसाठी पेलिकन हे तेवढ्याच मानाचे किताब आहेत. युरोपातल्या बऱ्याच गटांना किताबांची ही पद्धत मानवत नाही, तिथे तुमचा दर्जा तुम्ही निवडलेल्या माणसाप्रमाणे. दोन्हीकडे जाणाऱ्याने पाहुणा म्हणून तिथली रीत पाळावी.

ढालीवरच्या चिन्हांचे नियम मात्र सगळीकडे सारखे. सोनेरी आणि रुपेरी हे ‘धातू’. लाल, निळा, काळा, हिरवा, जांभळा हे ‘रंग’. धातूवर धातू नको, रंगावर रंग नको, कारण लांबून ओळखू यायला हवं. जेरुसलेमच्या राज्याचं चांदीवर सोन्याचे क्रूस असलेलं चिन्ह हा प्रसिद्ध अपवाद. इतिहासातल्या खऱ्या घराण्याचं चिन्ह स्वतःचं म्हणून मिरवू नका. त्याच्या चाकरीतला सैनिक म्हणून वापरायचं असेल तर ठीक.

स्त्रियांना लढता येतं का?

हो, आणि मोठ्या संख्येने लढतात. इतिहासाचा आधार मागणाऱ्यांना सांगा: निकोला दे ला हे हिने 1217 मध्ये इंग्लंडमधल्या लिंकन शहराचा किल्ला राखला. तलवार आणि छोटी ढाल यांवरच्या, आज माहीत असलेल्या सगळ्यात जुन्या युरोपीय हस्तलिखितात वॉल्पुर्गिस नावाची बाई डाव दाखवताना रंगवली आहे.

मला लढायचंच नाही. मग?

मग तुमची गरज जास्त आहे. सूतकताई, पट्टे विणणं, बूट शिवणं, लोहारकाम, अक्षरलेखन, वाद्यं, स्वयंपाक, रोग्यांची शुश्रूषा. दहा लढवय्यांच्या गटाला एक चांगला शिंपी हवाच असतो. मोठ्या प्रमाणावर बघायचं असेल तर फ्रान्सच्या बर्गंडीत गेडेलाँला 1997 पासून तेराव्या शतकातल्या साधनांनी अख्खा किल्ला बांधत आहेत. दगड फोडण्यापासून कौलं भाजण्यापर्यंत सगळं तिथेच.

छावणीत जेवायला काय असतं?

भाकरी किंवा पाव, वाटाणे आणि बाकल्याच्या (ब्रॉड बीन) दाण्यांची घट्ट आमटी, कांदा, कोबी, चीज, खारवलेलं मांस, मासे. बटाटा, टोमॅटो, मका, मिरची नाही. हे सगळं 1492 नंतर अमेरिकेतून आलं. मिरी, आलं, दालचिनी, लवंग चालते, पण श्रीमंताच्या ताटात. मलबारची मिरी तेव्हाही युरोपात पोचत होती. शुक्रवारी आणि ईस्टरआधीच्या लेंटच्या उपवासात मांस-दूध वर्ज्य, म्हणून बदामाचं दूध काढत. जेवणाआधी हात धुवायचे, सुरी आणि चमचा स्वतःचा आणायचा. जेवताना काटा वापरायची पद्धत बहुतेक युरोपात नव्हती.

चष्मा लागतो, औषधं लागतात. काय करू?

औषधं घ्या, पेटीत कापडाखाली ठेवा, त्यावर कुणी बोट ठेवणार नाही. चष्मा तेराव्या शतकाच्या शेवटी इटलीत आला, पण कानावर अडकवायच्या काड्या अठराव्या शतकातल्या. शक्य असेल तर कॉन्टॅक्ट लेन्स लावा. लढताना नीट दिसणं अस्सलपणाहून महत्त्वाचं.

शस्त्रं घेऊन प्रवास करता येतो का?

कायदा देशादेशांत बदलतो, निघण्याआधी तिथला बघा. उदाहरण द्यायचं तर इंग्लंड आणि वेल्समध्ये 2008 पासून 50 सेंटिमीटर किंवा त्याहून लांब, वक्र पात्याच्या तलवारी विकण्यावर बंदी आहे. विमा असलेल्या री-एनॅक्टमेंटला त्यातून सूट आहे. कुठेही गेलात तरी तलवार बंद पेटीत, गाडीच्या मागच्या भागात, सोबत कार्यक्रमाचं पत्र. विमानात सामानकक्षातूनच जाईल. कार्यक्रम संपल्यावर कमरेला तलवार लावून खाणावळीत जाऊ नका.

मुलांना आणता येईल का?

छावणीत जरूर. त्यांनाही त्याच काळाचे कपडे द्या. लढाईच्या दोरीच्या आत मात्र गटाने ठरवलेल्या वयाआधी नाही.

सुरुवात कशी करू?

एखाद्या गटाच्या कार्यक्रमाला प्रेक्षक म्हणून जा आणि दुपार संपल्यावर थांबा. तंबू आवरताना माणसं एकमेकांशी कशी वागतात ते बघा. नव्या माणसाला उसने कपडे देणारा, त्याच्या प्रश्नांना कागद किंवा चित्र काढून उत्तर देणारा आणि सरावात हत्यारं तपासणारा गट निवडा. साल आणि ठिकाण बहुधा गटाचं ठरलेलं असतं. ते तुमच्या मनातल्याहून वेगळं असलं तरी एक हंगाम काढून बघा, माणसं चांगली असतील तर काळ आवडायला लागतो.

हंगाम संपल्यावर चिलखताचं काय करायचं?

मध्ययुगात कड्यांची चिलखतं वाळूसह पिंपात घालून गडगडवत, गंज निघून जाई. आजही छोट्या पिंपात हे चालतं. मग कोरडं पुसून तेलाचा हलका हात फिरवा. चामड्याच्या पट्ट्यांना तेल लागू देऊ नका, त्यांना मेण वेगळं. गॅम्बेसन उन्हात पूर्ण वाळेपर्यंत घडी घालायची नाही. तलवार म्यानात ठेवून महिनोन्‌महिने विसरू नका, चामडं ओल धरतं आणि पातं आतून खातं. ती बाहेर, तेल लावून, कापडात गुंडाळून ठेवा, आणि दर महिन्याला एकदा उघडून बघा.